फरार व्याही आणि चार हातांचं यंत्र

लोक वेल्ह्याला तोरणा चढायला जातात. मी व्याही पकडायला गेले होते. तोरण्याच्या पायथ्याशी मुक्काम करून गडाकडे नुसती मान वर करून बघून परत आलेली मी बहुतेक एकटीच असेन. ज्यांना बुरूज, माच्या आणि सूर्योदय हवेत, त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं. या प्रवासात बघण्यासारखं एक यंत्र होतं, ते पुण्यातच होतं. आणि एक माणूस होता, तो त्या यंत्राच्या भीतीनं डोंगरात जाऊन बसला होता.

माणूस म्हणजे श्रीपतराव, माझ्या अश्विनीचे सासरे, भोंगवलीचे शेतकरी. त्यांना प्रॉस्टेटचा कॅन्सर निघाला. प्रॉस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली बसलेली एक छोटी गाठीसारखी ग्रंथी. तरुणपणी ती गुपचूप काम करते आणि म्हातारपणी घरादाराला कामाला लावते. रोग अजून त्या ग्रंथीच्या बाहेर पडला नव्हता. डॉक्टरांनी किरणांचा उपाय आणि शस्त्रक्रिया असे दोन्ही मार्ग समजावून सांगितले होते. श्रीपतरावांनीच शस्त्रक्रिया निवडली. ती रोबोच्या मदतीनं व्हायची होती. तारीख ठरली, आणि तारीख जवळ आल्यावर श्रीपतराव फोन बंद करून गायब झाले. आता काढलं तर बरं होण्याची चांगली आशा आहे, रेंगाळलात तर मी शब्द देऊ शकत नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते.

अश्विनीनं रडत फोन केला. "आई, तूच जा. तू रोबोतून गेलीयेस."

जणू मी कात्रजच्या बोगद्यातून गेले होते. पण तिचंही खरं होतं. गेल्या वर्षी माझं गर्भाशय याच पद्धतीनं निघालं. त्याचं काम केव्हाच संपलं होतं, रिकामपणी गाठी तेवढ्या जमवत बसलं होतं. शिवाय माझी सगळी नोकरी विजेच्या बिलाच्या खिडकीमागे गेली. तावातावानं आलेल्या माणसाला शांत करून परत पाठवणं एवढी एकच विद्या मला येते. अश्विनीनं घरी येऊन एक मोठी पिशवी माझ्या हातात दिली, "यात त्यांना पुढे लागेल ते आहे," म्हणाली, आणि मी स्वारगेटहून एसटीत बसले.

भोंगवली

किकवीला उतरून भोंगवलीची टमटम धरली. दोन्ही बाजूंना जोंधळा गुडघ्याच्या वर आलेला. एका शेतापाशी टमटमवाल्यानं आपणहून वेग कमी केला. "ह्यो बगा, श्रीपतनानांच्या मुठीचा. दोरी लावल्यावानी उगवलाय."

शहरातल्या वाचकांसाठी ही मूठ समजावून सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पेरणीच्या पाभरीला वर लाकडी वाटीसारखं चाडं असतं. त्यातून चार नळ्या निघून खाली माती चिरणाऱ्या चार फणांत जातात. मागून चालणारा माणूस मुठीतलं बी चाड्यात सोडत राहतो. मूठ एकसारखी सुटली तर पीक एकसारखं उगवतं. चुकली की कुठे दाट, कुठे पातळ. आता ट्रॅक्टर आलेत, पण अजून गावातली काही घरं पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, बैलांच्या पाभरीनंच धरतात, आणि त्या तासाला मूठ श्रीपतरावांचीच लागते. त्यांच्या हाताला गुण आहे म्हणतात.

माझी विहीण शालनबाई दारातच उभी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आम्ही भेटल्यावर आधी एकमेकींना कुंकू लावायचं, मग पदर सावरायचा, मगच बोलायचं. कुंकू लावता लावताच ती म्हणाली, "ईनबाई, पळालं."

"कुठं?"

"वेल्ह्याकडं, बहिणीच्या गावाला. तितं रेंज न्हाई ना. दवाखान्यातनं फोन आला तर लागायचा न्हाई, म्हनून."

माझी आई लेकीच्या सासरी पाणीसुद्धा पीत नसे. मी दोन कप चहा, पावट्याची आमटी, दोन भाकरी आणि खर्डा एवढ्यावर मोडलेली रीत साजरी केली. भाकरी थापताना शालनबाईनं खरी अडचण सांगितली.

"त्यांचं एकच हाय. यंत्राला हातगुण असतो का, म्हंत्यात."

मी हसले. मग हसू आवरलं, कारण दाढ काढायला मी स्वतः दोन बस बदलून हडपसरला जाते. जवळच्या डॉक्टरच्या हाताला गुण नाही, एवढंच कारण. माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र हा प्रश्न मला सुचलासुद्धा नव्हता. मी फक्त खोलीत टीव्ही आहे का विचारलं होतं.

वेल्ह्याची जीप

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. कामथडी मागे टाकून नसरापूरच्या फाट्यावर उतरलो आणि वेल्ह्याच्या वडापात, म्हणजे माणशी भाड्याच्या जीपमध्ये, बसलो. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय म्हणतात, पण जीपवाला "वेल्हं, वेल्हं, वेल्हं" असंच ओरडत होता. एका सीटवर चौघी हा इथला नेम. पाचवी आली तर चौघींनी श्वास सोडायचा.

शालनबाईच्या पोटात गोष्ट राहत नाही. मार्गासनी गाव यायच्या आत अख्ख्या जीपला कळलं होतं की या बाईचं ऑपरेशन रोबोनं केलंय. माझ्याकडे लोक असे बघायला लागले की मी हात वर केला असता तर मोटारीचा आवाज आला असता.

"म्हंजे डागदर न्हवताच?" एका आजींनी विचारलं.

"होता की. त्याच खोलीत कोपऱ्यात बसला होता. एका मोठ्या पेटीत डोळे घातलेले आणि हातांची बोटं कड्यांत अडकवलेली. माझ्या पोटाला बारीक भोकं पाडून त्यातून एक कॅमेरा आणि लांब दांड्यांची हत्यारं आत घातली. ती हत्यारं यंत्राच्या हातांनी धरलेली. डॉक्टर कोपऱ्यात बोट वळवणार, तसंच आत हत्यार वळणार. आतलं सगळं त्यांना मोठं होऊन दिसतं, आणि हात जरासा कापला तर तेवढं कापणं यंत्र गाळून टाकतं."

"मंग यंत्र आपल्या मनानं काय करतं?"

"काहीच नाही. डॉक्टर चहाला उठला तर ते तसंच उभं राहणार."

"आन् मधीच लाईट गेली तर?" पुढच्या सीटवरून टोपीवाल्या गृहस्थांनी विचारलं.

हा प्रश्न मला माझ्या माहेरच्या माणसासारखा वाटला. बॅटरी असते, जनरेटर असतो, आणि यंत्र अडलंच तर ते बाजूला सारून डॉक्टर नेहमीसारखं हातानं काम पुरं करतात, त्याची तयारी आधीच ठेवलेली असते, असं मी सांगितलं. गृहस्थांचं समाधान झालेलं दिसलं नाही. बिलाच्या खिडकीवरही कधी कुणाचं झालं नव्हतं.

इतक्यात जीप एका खड्ड्यात आपटली, अश्विनीची पिशवी मांडीवरून घसरली, तिचा बंद तुटला आणि मोठ्या माणसांच्या लंगोटांची पाकिटं सगळ्यांच्या पायांत पसरली. ऑपरेशननंतर काही दिवस लघवीवर ताबा राहत नाही, त्यासाठी ती होती.

"नातवाची हायती," शालनबाई म्हणाली.

आजींनी एक पाकीट उचलून मापलं. "नातू चांगलाच वाढलाय म्हनायचा," त्या म्हणाल्या.

तोरण्याच्या पायथ्याशी

श्रीपतरावांच्या बहिणीला सगळे आक्का म्हणतात. तिचं घर वेल्ह्यापुढे, रस्ता सोडून आत. दारातून तोरणा दिसतो, आणि तो इतका जवळ आहे की घरच्यांना तो दिसेनासा झालाय. भाताची झोडणी चालली होती. खळ्यावर एक पुरुष पाठ करून पेंढ्या रचत होता आणि आम्हाला बघून त्यानं रचायचा वेग वाढवला.

"या, ईनबाई! लई दिसानं!" श्रीपतराव पाठमोरेच म्हणाले. मी तिथे सहलीलाच आले होते जणू.

व्याही आणि विहीण यांनी एकमेकांशी काय बोलावं याची एक यादी असते. पाऊसपाणी, नातवंडं, जेवण झालं का. तिच्यात लघवी नाही. त्यामुळे पहिला दिवस आम्ही पाऊसपाण्यावर काढला. आक्कानं हुलग्याची शेंगोळी केली होती, लसूण सढळ हातानं घातलेला, वर इंद्रायणीचा वाफाळता भात. शेंगोळी खाताना माणसाला भांडता येत नाही. तोंड मोकळंच होत नाही.

जेवणानंतर आक्कानं मला माजघरात ओढलं आणि दार लावलं. "दावा."

मी पदर बाजूला केला. पोटावरच्या खुणा आता नीट शोधाव्या लागतात. आक्कानं प्रत्येकीवर बोट ठेवलं.

"एवडुशीच? आन् पिशवी कुठनं काढली मंग?"

ती खालच्या नैसर्गिक वाटेनं काढली, असं सांगितल्यावर ती मनापासून हसली. "जितनं समदी येत्यात तितनंच गेली म्हना की!"

मग मी तिला खरं काय झालं ते सांगितलं, कारण भोकं बघून लोक फार फसतात. मी स्वतः फसले होते. दुसऱ्या दिवशी मला चालायला लावलं तेव्हा पोटापेक्षा खांदा दुखत होता. जागा मोकळी व्हावी म्हणून पोटात वायू भरून ते फुगवतात, त्यातला थोडा आत राहतो आणि कळ खांद्यात निघते. ती काही दिवसांत गेली. पण बाहेर एवढंसं दिसतंय म्हणजे आतही एवढंसंच, अशा समजुतीनं मी लवकरच पाण्याची भरली बादली उचलली आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. आतली जखम तिच्या वेळेनंच भरते. कित्येक दिवस मी दुपारी भाजी चिरता चिरता झोपत होते.

दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. श्रीपतराव बराच वेळ तिथे उभे असावेत.

खळ्यावर

सकाळी खळ्यावर ऊन आलं तेव्हा मी सरळ विषय काढला. यादी गेली खड्ड्यात. "श्रीपतराव, तारीख परवावर आलीय. काय ठरवलंय?"

ते पेंढीचा बंद वळत राहिले. "ईनबाई, म्या मोबाईलवर बगितलंय. चार हाताचं यंत्र माणसावर वाकल्यालं, आन् डागदर लांब कोपऱ्यात डब्यात त्वांड घालून शिनिमा बगतोय. त्या नर्स पोरीनं बी दवाखान्यात काय सांगितलं? रोबो करतो, म्हनली. मंग हातगुण कुनाचा?"

मी सगळं सांगितलं. रक्त कमी जातं, घरी लवकर सोडतात. हेही सांगितलं की त्यात जादू काही नाही. माझेच डॉक्टर म्हणाले होते, चांगल्या हातानं पोट उघडून केलेलं कामही चांगलंच होतं, शेवटी ज्याचा हात रुळलाय त्याच्याकडे जावं. श्रीपतरावांनी नेमकं तेवढंच उचललं.

"बगा! हातच म्हनला न्हवं त्यो बी? आन् हात तर लांब कोपऱ्यात!"

माझी खिडकीमागची विद्या संपली. तेवढ्यात झोडणी करणाऱ्या शालनबाईनं हातातली पेंढी खाली आपटली. चारचौघांत नवऱ्याशी ती मान वर करून बोलत नाही, असा माझा आजवरचा समज होता.

"तुमचा हात कवा मातीला लागला वो पेरताना?" ती म्हणाली. "पाभरीला फण किती? चारच की न्हाई? मातीत कोन जातं? फण. तुमी तर वर, मागं चालताय. नळीतनं बी खाली जातं. मंग गाव काय म्हंतं, फणाला गुण हाय? का नळीला? श्रीपतनानाच्या मुठीला गुण हाय म्हंत्यात! मंग त्या डागदरानं काय घोडं मारलंय?"

आक्का तोंडाला पदर लावून उभी होती. श्रीपतरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"ते खरं," ते हळूच म्हणाले. "पर माजी मूठ म्या वळखतो. त्याची कुठं वळखतो?"

"मग चला ओळखायला," मी म्हणाले. "नाही पटली तर मी स्वतः तुम्हाला इथं परत आणून सोडते."

ते उठले, पण पायरीवर ठेवलेल्या तुटक्या बंदाच्या पिशवीपाशी थांबले. एक पाकीट बाहेर डोकावत होतं. बायका आत गेल्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ह्ये माज्यासाठी व्हय?"

"हो."

"कायमचं?"

आता मला समजलं की हातगुण हे अर्धंच कारण होतं. मी म्हणाले, "लघवीची नळी बरेच दिवस राहील. ती काढली की गळणार. हसलात, खोकलात, उठलात की गळणार. बहुतेकांचं काही आठवड्यांत, काही महिन्यांत थांबतं. त्यासाठी खालचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवतात. थोड्यांचं थोडंसं राहतं. आणखीही काही गोष्टी पहिल्यासारख्या राहतील असं नाही, त्या डॉक्टरांना एकट्यात विचारा, लाजू नका. मी विहीण आहे म्हणून खोटं गोड बोलणार नाही."

त्यांनी तोरण्याकडे पाहिलं. "सुनंसमोर," ते म्हणाले आणि त्यांनी डोकावणारं पाकीट आत ढकललं. मला त्या क्षणी या आडमुठ्या माणसाबद्दल फार माया वाटली. त्यांची सून म्हणजे माझी लेक, आणि ती रात्रंदिवस रडत होती.

"तुमच्या सुनेनंच ती पाकिटं निवडून घेतलीत," मी म्हणाले. "माप चुकू नये म्हणून तुमची पँट घेऊन गेली होती दुकानात."

श्रीपतराव खो खो हसले. मग आत जाऊन त्यांनी पायजमा बदलला.

परत

भोंगवलीला ते फक्त पाच मिनिटं म्हणून घरात शिरले आणि कणगीपाशी काहीतरी करून आले. शर्टाचा खिसा फुगलेला दिसला. मला वाटलं तंबाखू. ती तर ऑपरेशनच्या आधी सोडायला सांगितली होती, म्हणून मी एसटीत रागानं बोलले नाही.

दवाखान्यात डॉक्टर समोर बसले. चाळिशीतले, हसरे, घाईत. म्हणाले, "काका, विचारा काय विचारायचंय."

श्रीपतरावांनी खिसा टेबलावर रिकामा केला. बियाण्याचा जोंधळा निघाला. "मूठ भरा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शालनबाईनं पदर तोंडात घातला. डॉक्टरांनी मूठ भरली.

"आता सोडा. एकसारखं. म्या हां म्हनंस्तवर थांबायचं न्हाई."

दाणे भसाभस पडले, मग अडले, मग पुन्हा भसाभस. संगणकाच्या बटणांत गेले, चहाच्या कपात गेले. श्रीपतरावांच्या चेहऱ्यावर वेल्ह्याचा रस्ता दिसायला लागला. एवढ्या लांबून पकडून आणलेला माणूस मूठभर जोंधळ्यापायी हातचा जाणार होता.

पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दाणे गोळा केले आणि विचारलं, "काका, माझं काय चुकतंय?"

"अंगठा." श्रीपतरावांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठा हलकेच मागे सारला. "हितं दाबू न्हाई. ढिला सोडायचा. बी आपसूक जातं. आपुन निस्ती वाट द्यायची."

डॉक्टरांनी पुन्हा मूठ धरली. या वेळी दाणे एकामागून एक टेबलावर उतरले. श्रीपतरावांनी ती ओळ शेवटपर्यंत बघितली आणि हात सोडला.

"हां," ते म्हणाले. "लवकर शिकतोय. करा."

ठरल्या दिवशी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना धरून चालवलं तेव्हा ते खांदा दाबत माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी बोलला व्हता, तितंच दुकतंय." डॉक्टर फेरीवर आले, त्यांनी पोट बघितलं, नळी बघितली, आणि जाता जाता वाकून म्हणाले, "काका, अंगठा ढिला सोडला होता." श्रीपतरावांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

तपासणीचा अहवाल चांगला आला. गाठ कडेपर्यंत स्वच्छ निघाली, आता ठरावीक काळानं रक्त तपासत राहायचं. नळी काढली त्या दिवशी भोंगवलीहून फोन आला. आम्ही दोघांनी यादीप्रमाणे आधी पाऊसपाण्याची चौकशी केली.

"ईनबाई," मग ते म्हणाले, "उगवलं. पातळ हाय, जागोजाग गळतंय. पर उगवलं."

"म्हणजे मूठ चांगली होती म्हणायची," मी म्हणाले.

"मूठ बरी व्हती त्याची," श्रीपतराव म्हणाले. "पर अंगठा कुनी शिकिवला?"